थोमाईची तीनदा थुंकायची खोड

आमच्या इस्पितळाच्या धुराड्यावर दर वसंतात करकोच्यांची एक जोडी येते, घरट्याची डागडुजी करते आणि पिल्लं वाढवून निघून जाते. करकोचे बाळं घेऊन येतात म्हणतात, त्यामुळे खाली प्रसूती विभाग होता तोवर या जोडीचं सगळ्यांना फार कौतुक. पुढे पुढे मात्र असं व्हायला लागलं की वर घरट्यात गलका आणि खाली विभागात शुकशुकाट. तरणी मंडळी अथेन्सला नाहीतर जर्मनीला, आणि मागे उरलेल्यांत गुडघे धरून बसणारेच जास्त. मग एक दिवस वरून हुकूम आला की प्रसूती विभाग बंद. करकोच्यांना तो कुणी कळवला नाही, पण थोमाईला कळवला.

थोमाई त्या विभागाची नर्स. पंचवीसेक वर्षं तिथेच काढलेली. गावातल्या अर्ध्या पोरांनी या जगात पहिला चेहरा पाहिला तो तिचा, आणि अंगावर पहिला शिडकावाही झाला तो तिचाच. कारण पोर बाहेर आलं, रडलं, की ती त्याला उचलून म्हणायची, "अगं बाई, काय गोड आहे!" आणि लागलीच त्याच्यावर तीनदा थुंकायची. फ्तू, फ्तू, फ्तू. थुंकायचं ते ओठांनीच, नावापुरतं. पण थोमाई कुठलंही काम मन लावून करणारी, त्यामुळे थोडेफार तुषार उडायचेच. कौतुक केलं आणि वर थुंकलं नाही तर दृष्ट लागते, हे आमच्या या सपाट मैदानी मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. न थुंकणारी नर्स एकाही बाळंतिणीने खपवून घेतली नसती.

आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, वरच्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात तीन महिने शिकायचं आणि तिथल्या मुख्य नर्स आरेतीबाई पास म्हणाल्या तर तिथेच राहायचं. दुसरी, नापास झालं तर दूर एजियन समुद्रातल्या एका बेटावर बदली. थोमाईचा नवरा स्तेर्गिओस सायकली दुरुस्त करतो. सपाट मैदानातला माणूस, बादलीतलं पाणी हललं तरी त्याला मळमळतं.

"मी काही बेटावर येत नाही," तो चाकाच्या तारा ताणत म्हणाला. "तू जा. मी मेलो की येऊन पुरून जा."

"तू मेलास की बोट चुकवीन मी," थोमाई म्हणाली. पण हे घर, हे आवार, ही माणसं, सगळी तिच्याच हातावर जन्मलेली. ती सोडून जायचं तिच्या कल्पनेतही येत नव्हतं.

आरेतीबाई इथल्याच, पण अथेन्सला शिकून आलेल्या. सडपातळ, कडक इस्त्रीच्या, आणि कुठलीही गोष्ट एकदाच सांगणाऱ्या. त्यांना कुणी बसून कॉफी पिताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे अशा माणसाबद्दल आदरही वाटतो आणि संशयही येतो.

पहिल्याच दिवशी एका खाटेजवळचं यंत्र किंचाळायला लागलं. थोमाई धावली आणि दिसेल ते बटण दाबत सुटली. यंत्र गप्प झालं. ती विजयी मुद्रेने वळली, तर मागे आरेतीबाई.

"माणूस कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठला माणूस, बाई?"

"ज्याच्यासाठी हे यंत्र आणलंय तो. त्याच्याकडे बघितलंस?"

थोमाईने बघितलं. एक आजोबा खाटेवर कुशीवर वळले होते आणि बोटाला लावलेला चिमटा त्यांनी काढून गादीखाली सारला होता.

"यंत्र ओरडतं, सांगत काही नाही," आरेतीबाई म्हणाल्या. "आधी माणूस. त्याचा रंग बघ, छाती वरखाली होतेय का बघ. श्वास कमी पडतोय असं वाटलं तर आधी हाताने श्वास दे, मग तोंडापासून यंत्रापर्यंत नळीवरून हात फिरव. यंत्र सगळ्यात शेवटी. आणि या सगळ्याच्या आधी?"

"प्रार्थना?"

"हात धुवायचे."

असं शिक्षण सुरू झालं. नळीतून कफ कसा ओढून घ्यायचा, कूस कधी बदलायची, टाचेखाली काय ठेवायचं, लघवीची पिशवी बघून मूत्रपिंडाचा मूड कसा ओळखायचा. थोमाईच्या नाकी नऊ आले. यंत्रांवरचे आकडे तिला आल्या आल्या कळले नाहीत, पण वेड्यासारखी घोकत राहिली. स्तेर्गिओसच्या दुकानातल्या पंपावर ती हवेचा दाब समजून घेत बसायची आणि गिऱ्हाइकं ताटकळत राहायची. एक गोष्ट मात्र तिला शिकवावी लागली नाही. आरेतीबाई म्हणाल्या, "बेशुद्ध माणसाशीही बोलायचं. त्याला ऐकू येतंय असं धरूनच चालायचं." बोलणं! थोमाईची कळी खुलली. ती सगळ्यांशी बोलायला लागली, आणि तेही तान्ह्या बाळांशी बोलावं तसं. बँकेच्या माजी मॅनेजरला ती "चला, कूस बदलू या, शाबास माझं सोनुलं" म्हणायची. शुद्धीत असता तर त्याने तक्रार केली असती.

पण बोलता बोलता कौतुक येणार आणि कौतुकामागून ते येणार, हे ओघानेच आलं. एका सकाळी त्या मॅनेजरचा ऑक्सिजन छान वर चढला. थोमाईला राहवलं नाही. "अगं बाई, आज काय सुंदर श्वास घेतोय माझा राजा!" आणि फ्तू, फ्तू, फ्तू.

"हे काय होतं?" मागून आवाज आला.

थोमाईची पाचावर धारण बसली. "दृष्ट लागू नये म्हणून, बाई."

"ज्याच्या फुफ्फुसात एक जंतू जाऊ नये म्हणून मी तुम्हाला दिवसभर हात धुवायला लावते, त्याच्यावर तू थुंकलीस?"

"मास्कच्या आतल्या आत थुंकले, बाई."

"मास्क कुठे आहे?"

मास्क हनुवटीखाली होता.

आरेतीबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा एकदा दिसलं, तर बोटीचं तिकीट मी स्वतः काढून देईन. खिडकीजवळची जागा बघून."

थोमाईने त्या दिवसापासून खोड मोडायचा चंग बांधला. दृष्टीवर लसूण चालतो, म्हणून तिने लसणाचा अख्खा गड्डा खिशात ठेवला. दोन दिवसांत सगळा विभाग घमघमला. आरेतीबाईंनी हवा हुंगली आणि भर राउंडमध्ये डॉक्टरांना विचारलं, "आपण ड्युटीवर येताना काकडी-लसणाची कोशिंबीर खाता का?" डॉक्टर लाल झाले, कारण नेमकी त्यांनी खाल्ली होती. त्या गडबडीत थोमाईने गड्डा कचऱ्यात टाकला. मग तोंड गुंतून राहावं म्हणून तिने च्युइंगगम चघळून पाहिलं, ते मास्कला चिकटलं. शेवटी स्तेर्गिओस म्हणाला, "कौतुकच करू नकोस ना. सोपं आहे." तेही केलं. एक अख्खा दिवस ती "ठीक", "बरं", "वाईट नाही" एवढंच बोलली आणि संध्याकाळी डोकं बांधून पडली.

अखेर एक तोडगा निघाला. कौतुक तोंडाने करायचं आणि थुंकायचं मनातल्या मनात. रुग्णाला मात्र कळायला हवं, म्हणून ती वाकून कानात सांगायची, "मनातल्या मनात थुंकले हं, काळजी करू नका."

शेवटचा महिना लागला आणि झिसीसकाका आले. पलीकडच्या खेड्यातले, कापूस पिकवणारे, कॉफीच्या दुकानात पत्ते खेळायला बसले की दुसऱ्याला जिंकू न देणारे. न्यूमोनियाने छाती भरलेली. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. थोमाई त्यांना ओळखत होती. प्रसूती विभागात जन्मलेलं शेवटचं बाळ या काकांचा नातू. त्याच्यावर थुंकल्यावर चार-पाच महिने दुसरं पोर आलंच नाही, आणि तिने विभागाचं दार लावलं होतं. पोराला आजोबांचंच नाव द्यायचं ठरलं होतं, पण बाप्तिस्मा व्हायचा होता आणि तोवर आमच्याकडे पोराला नुसतं 'बाळ' म्हणतात. आजोबा असे पडल्यावर बाप्तिस्मा राहिला. झिसीस म्हणजे 'जगेल तो'. ते नाव खाटेवर असं नळीला टांगलेलं असताना तेच पोराला कोण देणार?

"हे तुझे," आरेतीबाई थोमाईला म्हणाल्या. "यांची नळी काढायची तयारी, काढणं आणि त्यानंतरचं सगळं तू करायचंस. मी उभी राहून बघणार. ते नीट झालं तर तू पास."

झिसीसकाकांची बायको, वायाकाकू, रोज भेटीच्या वेळेला यायच्या. बुटक्या, गोल, अंगावर इस्पितळाचा ॲप्रन चढवला की त्यात हरवून जायच्या. एके दिवशी थोमाई उत्साहाने म्हणाली, "काकू, आज रंग बघा कसा उजळलाय! गालावर लाली आलीय की!" आणि एकदम थांबली. काचेपलीकडे आरेतीबाई उभ्या होत्या.

काकू वाट बघत राहिल्या. "मग?"

"मग काय, काकू?"

"थुंक ना!"

"नाही थुंकता येत, काकू."

"का? तोंड सुकलंय?"

"मनातल्या मनात थुंकले मी."

"मनातल्या मनात?" काकूंचा आवाज चढला. "मी तुला मनातल्या मनात पालकाची भरली पोळी आणून देऊ का? माझ्या नातवावर उठता बसता थुंकलीस आणि त्याच्या आजोबांवर एकदाही नाही? म्हातारं झालं की माणूस थुंकीलाही महाग होतो का गं?"

थोमाईला रडू आलं. ती काकांच्या कानाशी वाकली आणि पुन्हा तेच पुटपुटली. काकू तणतणत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या अगदी गरीब गाय. कुणाशी वाद नाही, टोमणा नाही. वाकून नवऱ्याच्या कपाळाचा मुका घेतला, उशी सारखी केली. थोमाई तेवढ्यात पाठ करून सलाइनची बाटली बदलत होती. काकू गेल्या आणि थोड्याच वेळात यंत्र किंचाळलं.

थोमाईचा हात बटणाकडे गेला आणि वाटेतच थबकला. आधी माणूस. काकांची छाती नीट भरत नव्हती. ओठ निळसर दिसायला लागले होते. "आरेतीबाई!" तिने हाक मारली, व्हेंटिलेटरची नळी सोडवली आणि उशाशी टांगलेल्या, हाताने दाबायच्या रबरी फुग्याने श्वास द्यायला लागली. दाब, सोड. दाब, सोड. हात चुकले नाहीत. ओठांवर रंग परतला. आरेतीबाईंनी फुगा आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता नळी."

थोमाईने नळीवरून हात फिरवला. उशीपाशी बारीक सूं सूं ऐकू आली आणि बोटाला काहीतरी टोचलं. सेफ्टी पिन. तिला अडकवलेला निळा मणी आणि नखाएवढा क्रूस. प्रसूती विभागात प्रत्येक आई दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या झबल्याला असाच मणी लावायची. काकांच्या अंगात झबलं नव्हतं. काकूंनी विचार केला असणार की जिथून जीव आत जातो तिथेच लावावा, आणि पिन नळीच्या आरपार घातली.

नळी बदलली, काका शांत झाले. आरेतीबाईंनी तो मणी उजेडात धरला.

"हे लावलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच, बाई. पाठ होती माझी."

"रुग्णाकडे पाठ करायची नाही. हे मला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं." त्यांनी मणी थोमाईच्या हातावर ठेवला. "दोनतीन दिवसांत नळी काढण्याजोगे होतील. तेव्हा बघू तुझं काय करायचं ते."

पिनेने काय केलं ते कळल्यावर वायाकाकूंचं धाबं दणाणलं. बाहेरच्या बाकावर त्या हुंदके देत म्हणाल्या, "मीच मारत होते गं त्यांना! आता नाही. थुंकणार नाही, काही टोचणार नाही. आत आले की हात खिशात."

नळी काढायचा दिवस उजाडला. थोमाईने हात इतके धुतले की बोटं सुरकुतली. काकांना बसतं केलं, कफ ओढून घेतला, आणि डॉक्टर व आरेतीबाईंच्या देखत नळी अलगद बाहेर काढली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. काका स्वतःचा श्वास घ्यायला लागले. थोमाईने मनातल्या मनात तीनदा थुंकून घेतलं.

पण घोडं अडलं ते खोकल्यापाशी. छातीत घरघर होत होती. आत साठलेला कफ खोकून बाहेर टाकायला हवा होता, आणि काका खोकेनात. डोळे मिटून पडलेले, कंटाळलेले, जगाशी देणंघेणं संपल्यासारखे. थोमाईने पोटाशी उशी धरून दिली, पाठीवर थापट्या मारल्या, गयावया केली. "काका, एकदाच. जोरात." काकांनी खांदा उडवला. डॉक्टर येऊन म्हणाले, "खोका बघू, आजोबा." काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"संध्याकाळपर्यंत कफ निघाला नाही तर नळी परत आत," आरेतीबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "या वयात दुसऱ्यांदा आत गेलेली नळी लवकर निघत नाही, थोमाई."

थोमाईला समजलं. तिच्या असंही लक्षात आलं की सकाळपासून तिला त्या बेटाची एकदाही आठवण झाली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे ते बाळच येत होतं, बिननावाचं.

भेटीच्या वेळेला वायाकाकू आल्या, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात. थोमाईने त्यांच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काकू, मोबाइलवर बाळाचा फोटो आहे ना? द्या इकडे."

तिने फोटो काकांच्या नाकासमोर धरला. "काका, नातू बघा. काय गोबरे गाल! या इस्पितळात इतकं देखणं पोर जन्मलं नाही."

आणि ती थुंकली नाही.

काकूंचे ओठ चाळवले. त्यांनी आरेतीबाईंकडे पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले. आरेतीबाई हात बांधून उभ्या.

"आणि डोळे!" थोमाई पुढे म्हणाली. "आणि हा पहिला दात, तांदळाचा दाणा जसा! गावात जो तो म्हणतो, असं गुटगुटीत पोर पाहिलं नाही."

"अगं पुरे!" काकू कळवळल्या. "पोराच्या जिवावर उठलीस का?"

"आणि जावळ बघा, काका. कुरळं! राजपुत्र आहे राजपुत्र!"

काकांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. त्यांनी थोमाईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आरेतीबाईंकडे पाहिलं. तीन धडधाकट बायका, पोराचं एवढं कौतुक, आणि थुंकायला एकही तयार नाही! त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. हात खाटेच्या दांडीवर गेला. स्वतःला वर ओढत त्यांनी मास्क बाजूला केला आणि पोटाच्या तळातून श्वास घेतला.

पहिलं फ्तू नुसती हवा होती. दुसऱ्याला छातीत काहीतरी खळखळलं, आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की खाट हलली. तिसरं फ्तू सगळं घेऊन बाहेर पडलं आणि थेट आरेतीबाईंच्या इस्त्रीच्या ॲप्रनवर बसलं.

कुणी श्वास घेईना. फक्त काका घेत होते, आणि घरघर नव्हती.

आरेतीबाईंनी आधी माणसाकडे पाहिलं, मग ॲप्रनकडे, आणि सगळ्यात शेवटी यंत्राकडे. "खोकला उत्तम," त्या म्हणाल्या. "थोमाई, पुसून घे त्यांना. अजून निघेल." आणि ॲप्रन बदलायला गेल्या.

अजून निघालं. काकूंनी दाताचं कौतुक केलं, मग कानांचं, आणि दर वेळी काका उठून बसले. संध्याकाळ झाली तरी नळी परत घालायचं कुणी नाव काढलं नाही.

ड्युटी संपता संपता आरेतीबाई नव्या ॲप्रनमध्ये आल्या. "मी पुष्कळ जणींना शिकवलं," त्या म्हणाल्या. "रुग्णाला असं खोकायला लावलेलं पाहिलं नव्हतं. पास आहेस तू. चांगली नर्स आहेस, थोमाई." एवढं बोलून त्या दाराकडे वळल्या.

थोमाईचे डोळे भरून आले. राहणार! घर, आवार, स्तेर्गिओस, सगळं राहणार! आणि त्याच क्षणी तिच्या मानेवर काटा आला. आरेतीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं कौतुक केलं होतं, आणि ते तसंच उघडं राहिलं होतं.

"पोरी," खाटेवरून फाटका आवाज आला. "इकडे ये."

ती वाकली. काकांनी तिच्या ॲप्रनची कड मुठीत धरली.

"इतके दिवस कानात सांगत होतीस. मनातल्या मनात थुंकले म्हणून."

"ऐकू येत होतं, काका?"

"सगळं." त्यांनी दम घेतला. "मनातल्या मनात चालत नाही ते."

आणि त्यांनी श्वास भरला.

आरेतीबाई दारातच होत्या. त्यांनी हे ऐकलं, काका दांडी धरून उठताना पाहिले, आणि काय होणार ते ओळखलं. रुग्णाकडे पाठ करायची नाही, हा धडा त्यांचाच. त्या सावकाश वळल्या, खाटेकडे पाठ केली, आणि काकांचं तिसरं फ्तू होईपर्यंत खिडकीतून करकोच्यांचं घरटं बघत उभ्या राहिल्या.